उसनीं पिसें

टकाचोर नांवाचा एक पक्षी आपल्या इकडे पुष्कळ ठिकाणीं आढळतो. अंग विटकरी, डोकें आणि मान काजळलेली, शेपूट अंगाहून लांब. आवाज घडींत कर्कश, तर घडींत असा मंजुळ कीं, तो त्याच गळ्यांतून निघाला हें खरें वाटूं नये. कुळानें हा कावळ्याचा भाऊबंद. दुसऱ्या पांखरांच्या घरट्यांतील अंडीं व पिलें तो खातो ही गोष्ट खरी. परंतु टका म्हणजे नाणें, आणि तें त्यानें कोणाच्या कनवटीचें काढून नेल्याचें आपणांपैकीं कोणीं पाहिलें आहे काय? नांव मात्र चोराचें पडलें तें पडलेंच.

युरोपांत त्याचा एक चुलतभाऊ आहे, मॅगपाय. चकाकणारी वस्तु दिसली कीं तो ती पळवितो, अशी तिकडे शतकानुशतकें समजूत होती. रोसिनी या इटालियन संगीतकारानें १८१७ सालीं या समजुतीवर एक सबंध संगीत नाटक उभें केलें. त्यांत चांदीच्या चोरीचा आळ एका गरीब मोलकरणीवर येतो, तिला देहान्ताची शिक्षा होते, आणि अगदीं शेवटच्या घटकेला खरा चोर म्हणून हा पक्षी सांपडतो. पुढें जवळजवळ दोनशें वर्षांनीं, २०१४ सालीं, इंग्लंडांतील एक्झेटर विद्यापीठांतल्या संशोधकांनीं या पक्ष्यांपुढें खाद्याजवळ चकचकीत वस्तु मांडून पाहिल्या. पक्षी त्यांच्याकडे धांवले नाहींत; उलट त्या पाहून ते बुजले. चोरीचा आरोप असा निकालांत निघाला. हुशारीची ख्याति मात्र टिकली. २००८ सालीं जर्मनींत केलेल्या प्रयोगांत यांपैकीं कांहीं पक्ष्यांनीं आरशांत पाहून आपल्या गळ्याखालीं चिकटविलेला रंगीत ठिपका काढण्याची खटपट केली. म्हणजे आरशांतला पक्षी तो आपणच, एवढें त्यांना उमजलें होतें.

चतुर, संग्राहक आणि कायमचा संशयित, अशा या पक्ष्यांच्या पंक्तीला लेखकाला बसविण्याची चाल फार जुनी आहे. आज मला बोलावयाचें आहे तें या चालीच्या इतिहासाविषयीं. आणि तिच्यामागें जो एक न्यायाचा प्रश्न उभा आहे, त्याविषयीं.

इसापनीतींतील मोरपिसें लावून मिरविणारा कावळा आपणां सर्वांना लहानपणापासून ठाऊक आहे. रोमन कवि होरेस यानें इसवी सनापूर्वीं २० च्या सुमारास तोच कावळा थेट वाङ्मयांत आणला. त्याचा सेल्सस नांवाचा एक कविमित्र होता. पॅलेटाइन टेकडीवरील अपोलोच्या मंदिराशेजारीं जो सरकारी ग्रंथसंग्रह होता, तेथें बसून इतरांच्या पुस्तकांतून उचलेगिरी करण्याची या मित्राला खोड. होरेसनें एका पद्यपत्रांतून त्याला निरोप धाडला कीं, बाबा, आपल्या घरच्या भांडवलावर कांहीं तरी मिळव. एके दिवशीं सगळे पक्षी आपापलीं पिसें परत मागावयास आले, तर उघड्या पडलेल्या कावळ्याला जग हंसेल. आमच्या पंचतंत्रांत कावळ्याऐवजीं कोल्हा आहे. तो नीळ भरलेल्या रांजणांत पडतो, निळा होऊन बाहेर येतो आणि वनाचा राजा बनतो. मला ही गोष्ट इसापाच्या गोष्टीहून अधिक मार्मिक वाटते. कावळ्याचीं पिसें दुसऱ्यांनीं उपटलीं म्हणून तो उघडा पडला. कोल्ह्याचा रंग कोणी धुतला नाहीं, तो आपल्या जातभाईंची कोल्हेकुई ऐकून स्वतःच ओरडला आणि आवाजावरून पकडला गेला. उसनें घेणाऱ्या लेखकाचेंही बहुधा असेंच होतें. वस्तु कोठून आली याचा पत्ता लागावयाच्या आधीं आवाज त्याचा स्वतःचा नाहीं हें कानाला कळतें.

परंतु या कावळ्याची खरी ऐतिहासिक कीर्ति झाली ती लंडनमध्यें, इसवी सन १५९२ च्या सप्टेंबरांत.

रॉबर्ट ग्रीन हा त्या वेळचा एक नामांकित लेखक. केंब्रिज व ऑक्सफर्ड या दोन्ही विद्यापीठांचा पदवीधर. नाटकें, कादंबऱ्या, भामट्यांच्या युक्त्या उघड करणाऱ्या पुस्तिका, जें खपेल तें तो झपाट्यानें लिही आणि त्याहून अधिक झपाट्यानें मिळालेला पैसा उडवी. वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षीं, जोडे शिवणाऱ्या एका कारागिराच्या घरीं, कर्जांत व दैन्यांत त्याचा अंत झाला. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या नांवावर एक लहानशी पुस्तिका निघाली. तिच्या लांबलचक नांवाचा भावार्थ असा कीं, लाखों पश्चात्ताप मोजून विकत घेतलेली ही चवलीभर अक्कल आहे. मूळ शब्द ग्रोट, म्हणजे चार पेन्सांचें नाणें. टकाचोराच्या प्रकरणांत एक नाणें अखेर सांपडलें म्हणावयाचें! या पुस्तिकेंत ग्रीननें आपल्या विद्यापीठीय नाटककार मित्रांना सावध केलें आहे. नटांवर भरंवसा ठेवूं नका. आपल्या पिसांनीं नटलेला एक उपटसुंभ कावळा त्यांच्यांत निपजला आहे, आणि सबंध देशांत रंगभूमि हालविणारे आपण एकटेच असें तो समजूं लागला आहे, अशा आशयाचा तो मजकूर आहे. रंगभूमि हालविणारा या अर्थीं योजिलेल्या शब्दांत स्ट्रॅटफर्डहून आलेल्या एका तरुण नटाच्या आडनांवावर कोटी होती. तो नट विल्यम शेक्सपीअर.

या आरोपाचा नेमका अर्थ काय, यावर पंडितांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे. कोणी म्हणतात, हा वाङ्मयचोरीचाच आरोप होय. कोणी म्हणतात, नट हा लेखकाचे शब्द पाठ करून टाळ्या मिळवितो, एवढेंच ग्रीनला म्हणावयाचें होतें. आतां तोच नट लेखणीही हातीं धरूं लागला, याचें त्याला वैषम्य वाटलें. गंमत अशी कीं, पिसें चोरल्याचा आरोप करतांना ग्रीननें शेक्सपीअरच्याच एका ऐतिहासिक नाटकांतली ओळ मोडून आपल्या वाक्यांत बसविली आहे. पुस्तिका छापावयास सिद्ध करणारा हेन्री चेटल यानें त्याच वर्षाअखेर दुसऱ्या एका पुस्तकांत त्या नटाविषयीं दिलगिरी दर्शविली व त्याच्या सचोटीची स्तुति केली. अलीकडच्या कांहीं संशोधकांना तर असा संशय येतो कीं, मूळ पुस्तिकेंतला बराचसा भाग चेटलनेंच लिहून मृताच्या नांवावर खपविला असावा. म्हणजे उसन्या पिसांची ही सर्वांत प्रसिद्ध फिर्याद. पण फिर्यादीचें स्वतःचेंच पीस कोणाचें, याची शंका!

तें कांहीं असलें, तरी ग्रीनच्या कडवटपणाला आपण हंसूं नये. त्या काळीं नाटककार नाटक मंडळीला कायमचें विकून टाकी. साधारण सहा पौंड हातीं पडत, आणि मग त्या नाटकाचे शंभर प्रयोग झाले तरी लेखकाला एक पेनी मिळत नसे. मंडळीला वाटेल तर ती दुसऱ्या लेखकाकडून त्यांत फेरफार करून घेई. लेखकाच्या हक्काला मान्यता देणारा पहिला कायदा इंग्लंडांत १७१० सालीं झाला. नाटकगृहांतला नफा भागीदार नटांच्या वाट्यास जाई. शेक्सपीअर पुढें असाच भागीदार झाला आणि गांवीं मोठें घर बांधून नव्हे, तर तयार मोठें घर विकत घेऊन सुखानें राहिला. ग्रीन कर्जांत व दैन्यांत मेला. पिसांच्या या भांडणांत एका बाजूला प्रतिभा असेल. दुसऱ्या बाजूला भाकरी होती, हें विसरून चालणार नाहीं.

आतां हा खटला लंडनच्या कोर्टांतून काढून, त्याच्याही सातशें वर्षांपूर्वींच्या एका भारतीय न्यायाधीशापुढें नेऊं.

राजशेखर हा कवि दहाव्या शतकाच्या आरंभीं कनोजच्या गुर्जर-प्रतिहार राजांच्या दरबारीं होता. त्याचें कुळ यायावर, म्हणजे फिरस्त्यांचें. आणि त्याचा पणजा अकालजलद याला राजशेखरानेंच महाराष्ट्राचा चूडामणि म्हटलें आहे, तेव्हां त्याच्याशीं आपलें थोडेंबहुत नातें लागतें. (टकाचोराला शास्त्रज्ञांनीं जें लॅटिन नांव दिलें आहे, त्याचाही अर्थ भटक्या असाच होतो. योगायोग, पण सुरेख.) त्याच्या काव्यमीमांसा या ग्रंथाचीं अठरा अधिकरणें योजिलेलीं होतीं, त्यांपैकीं कविरहस्य हें पहिलें तेवढें आपल्या हातीं आलें आणि १९१६ सालीं बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचें पहिलें पुष्प म्हणून छापून निघालें. यांत दुसऱ्या कवीपासून घेण्याच्या कलेला तीन सबंध अध्याय दिले आहेत. त्या कलेला राजशेखर हरण म्हणतो. सीताहरणांतलें, तेंच हें हरण; शब्दाला कोठेंही मुलामा नाहीं.

आधीं तो परंपरेचें कडक मत सांगतो. इतर चोऱ्या काळाच्या ओघांत पुसल्या जातात. वाणीची चोरी मात्र मुलांनातवंडांपर्यंत पुसत नाहीं. एवढें ऐकल्यावर एखाद्याला वाटेल, निकाल लागला. तोंच एक बाई बोलावयास उभी राहते. ही अवंतिसुंदरी, राजशेखराची पत्नी, चाहमान कुळांतली विदुषी. कर्पूरमंजरी हें राजशेखराचें प्राकृत नाटक हिच्याच इच्छेवरून रंगभूमीवर आलें. काव्यमीमांसेंत तिचीं मतें तो इतर आचार्यांच्या मतांप्रमाणेंच नांवानिशीं मांडतो. त्या काळच्या शास्त्रग्रंथांत हें विरळा. अवंतिसुंदरी हरणाला कोणकोणतीं निमित्तें पुरतात त्यांची एक यादीच देते. तो कवि अप्रसिद्ध आहे, मी प्रसिद्ध. त्याला प्रतिष्ठा नाहीं, मला आहे. त्याची वाणी गुळवेलीसारखी, माझी द्राक्षासारखी. त्याच्या भाषेला मान नाहीं, माझ्या भाषेला आहे. त्या ग्रंथाचे जाणकार आतां हयात नाहींत. त्याचा कर्ता दूर देशीं आहे. मूळ पोथीच नष्ट झाली आहे. तें मूळ कोणा परकीयाच्या भाषेंत होतें. अशा कारणांनीं शब्दांचें व अर्थाचें हरण खुशाल करावें.

हें ती गंभीरपणें म्हणाली, कीं ओंठांच्या कोपऱ्यांत हंसत म्हणाली? मी ही यादी जितक्या वेळां वाचतों तितक्या वेळां मला तें हंसूं दिसतें. कारण यांतलीं सारीं निमित्तें चोराच्या तोंडचीं आहेत, आणि प्रत्येक निमित्तांत लुबाडला जाणारा दुबळा आहे: अनाम, दूरचा, मेलेला, किंवा हलकी समजली जाणारी भाषा बोलणारा. पकडलें न जाण्याचें हें शास्त्र आहे. गुळवेल कडू असली तरी तापावर तीच उपयोगी पडते, हेंही तिला ठाऊक असेलच.

राजशेखर स्वतः मग व्यवहारी भूमिका घेतो. चोर नाहीं असा कवि नाहीं आणि चोर नाहीं असा वाणीही नाहीं. ज्याला लपवितां येतें तो निंदेवांचून सुखानें नांदतो. परंतु येथेंच तो थांबता, तर त्याची गणना एक मिस्कील दरबारी म्हणूनच झाली असती. तो पुढें जाऊन घेण्याचे प्रकार पाडतो, आणि त्यांत त्याची खरी दृष्टि दिसते. आनंदवर्धनाचें तीन प्रकारच्या साम्याचें विवेचन त्याच्यापुढें होतेंच. म्हणजे हरणाचा हा विचारही अंशतः आहृतच. पहिला प्रकार प्रतिबिंबकल्प: अर्थ तोच, फक्त शब्द बदललेले, जसें आरशांतलें रूप. दुसरा आलेख्यप्रख्य: वस्तु तीच, पण थोड्या संस्कारानें ती निराळी भासते, जसें माणसाचें चित्र. तिसरा तुल्यदेहितुल्य: दोन देह निराळे, पण साम्य असें कीं एकच वाटावे. चौथा परपुरप्रवेशसदृश: मूळ वस्तु एक, परंतु मांडणी सर्वस्वी दुसरी, योगी दुसऱ्याच्या शरीरांत शिरतो तसा नवा जीव जुन्या देहांत शिरतो. असें घेणाऱ्या कवींना तो अनुक्रमें भ्रामक, चुंबक, कर्षक व द्रावक अशीं नांवें देतो. आणि ज्याचें मूळ कोठेंच नाहीं असा अर्थ निर्माण करणारा जो पांचवा, तो चिंतामणि. प्रत्येक प्रकाराचे पुन्हां आठ-आठ पोटभेद, एकूण बत्तीस. एवढी बारकाई आपल्या फौजदारी कायद्यांतही नसेल.

ही फूटपट्टी घेऊन आतां आपल्या कावळ्याकडे वळूं.

अँटनी आणि क्लिओपात्रा या नाटकांत राणीच्या नौकेचें एक वर्णन आहे, इंग्रजी शाळांतून तें पिढ्यान्‌पिढ्या पाठ करविलें गेलें. तें वर्णन सर टॉमस नॉर्थनें १५७९ सालीं इंग्रजींत आणलेल्या प्लुटार्कच्या चरित्रग्रंथांतून जवळजवळ शब्दशः घेतलेलें आहे. आणि नॉर्थनें तें ग्रीकमधून नव्हे, तर आम्योच्या फ्रेंच भाषांतरावरून घेतलें होतें. सोन्याचा पिछाडा, जांभळीं शिडें, चांदीचीं वल्हीं, बांसरीच्या तालावर पडणारा त्यांचा ठेका, सारें नॉर्थच्या गद्यांत तयार आहे. शेक्सपीअरनें काय केलें? त्या शिडांच्या प्रेमांत वाऱ्याला पाडलें, आणि वल्ह्यांच्या माराला भुलून पाणी त्यांच्यामागें धांवतें असें दाखविलें. सामान नॉर्थचें, वारा आणि पाणी शेक्सपीअरचें. राजशेखरानें याला आलेख्यप्रख्यांत घातलें असतें व या कवीस चुंबक म्हटलें असतें. चोरी म्हणावी तर उघड, आणि मूळ मालकाचें वर्णन वाचावयाचें म्हटलें तर आतां कोणाला तें त्या वाऱ्यावांचून वाचवत नाहीं.

परंतु ग्रीनच्या फिर्यादीचा निकाल लागतो तो दुसऱ्या एका नाटकांत. ग्रीननें १५८८ सालीं पँडोस्टो नांवाची एक गद्यकथा लिहिली होती. बोहेमियाच्या राजाला आपली राणी व आपला मित्र यांच्याविषयीं निष्कारण संशय येतो. तो राणीला तुरुंगांत टाकतो, तिला झालेली मुलगी होडींत घालून समुद्रावर सोडून देतो. देववाणी राणीला निर्दोष ठरविते, त्याच क्षणीं राजपुत्र मरतो, आणि त्या धक्क्यानें राणीही. मुलगी दूर देशीं एका मेंढपाळाच्या घरीं वाढते; एक राजपुत्र तिच्यावर अनुरक्त होतो; दोघें पळून नेमकीं तिच्या बापाच्याच राज्यांत येतात. राजा न ओळखतां आपल्याच मुलीची अभिलाषा धरतो. शेवटीं ओळख पटते, लग्न होतें, आणि पूर्वकर्मांच्या शल्यानें राजा आत्महत्या करतो.

ग्रीनच्या मृत्यूला एकोणीस वर्षें होत आलीं असतां, १६११ च्या मे महिन्यांत, लंडनच्या ग्लोब नाटकगृहांत शेक्सपीअरच्या एका नव्या नाटकाचा प्रयोग झाला. नाटकाचें नांव हिवाळ्याची कहाणी या अर्थाचें, आणि कथा ही, पँडोस्टोची. ज्यानें पिसें चोरल्याचा आरडाओरडा केला, त्याच्याच पंखांतलें सर्वांत लांब पीस कावळ्यानें उपटलें होतें. सूड म्हणावा तर ग्रीन मरून गेलेला. निर्लज्जपणा म्हणावा तर कथा त्या वेळीं पुन्हां पुन्हां छापली जात होती व हजारों लोकांना ठाऊक होती. अवंतिसुंदरीच्या यादींतलें एकही निमित्त येथें पुरें लागू पडत नाहीं.

आणि मग त्यानें केलें काय? दोन राजांचे देश आपसांत बदलले, हें क्षुल्लक. राजाची मुलीवरील वासना जवळजवळ पुसून टाकली. राणीची एक स्पष्टवक्ती सखी नव्यानें निर्माण केली, ती राजाला तोंडावर खडे बोल सुनावते. मुख्य म्हणजे राणीला मरूं दिलें नाहीं. सोळा वर्षांनीं राजाला तिचा पुतळा म्हणून एक मूर्ति दाखविण्यांत येते. राजा म्हणतो, माझ्या राणीच्या चेहऱ्यावर इतक्या सुरकुत्या नव्हत्या. त्याला उत्तर मिळतें कीं, ती आज असती तर जशी दिसली असती, तशीच शिल्पकारानें घडविली आहे. संगीत वाजतें आणि पुतळा चौथऱ्यावरून खालीं उतरतो. यांतही ओव्हिडच्या जुन्या कथेंतली, पुतळ्यांत प्राण येण्याची कल्पना आहेच; म्हणजे आणखी एक पीस. परंतु त्या सुरकुत्या कोणाच्याही नाहींत. गेलेलीं सोळा वर्षें परत येत नाहींत, मेलेला मुलगाही परत येत नाहीं. तरी पश्चात्ताप पावलेल्या माणसाला जें उरलें तें परत मिळतें. लाखों पश्चात्तापांचें नांव दिलेलें पुस्तक मागें ठेवून जो गेला, त्यानें आपल्या कथेंतल्या राजाला क्षमा केली नव्हती. ती त्याच्या चोरानें केली. परपुरप्रवेश म्हणतात तो हा.

याच नाटकांत ऑटोलिकस नांवाचा एक गाणारा भामटा आहे. कुंपणांवर वाळत घातलेल्या चादरी पळविणें हा त्याचा धंदा, आणि त्या धंद्याविषयीं बोलतांना त्याला घरटें बांधणारी घार आठवते. ती उपमा पोकळ नाहीं: तिकडची तांबूस घार विणीच्या दिवसांत घरट्यासाठीं खरोखरच कपड्यांचे तुकडे उचलते, आणि त्या काळीं लंडन शहरांतही तिची वस्ती होती. आतां हा भामटा ज्या युक्तीनें खिसा साफ करतो, ती युक्तिही ग्रीनच्याच भामटेगिरीवरील पुस्तिकांतून आलेली आहे. चोराचें पात्रसुद्धां चोरलेलें!

हंसूं नका, आमच्याकडेही नेमकें हेंच घडलें आहे. मृच्छकटिकांतला शर्विलक कोणाला आवडत नाहीं? भिंतीला भोंक पाडतांना तें कोणत्या आकाराचें सुंदर दिसेल याचा विचार करणारा, आणि मापासाठीं जानव्याचा उपयोग करणारा तो कलावंत चोर. १९०९ च्या सुमारास त्रावणकोर संस्थानांत गणपतिशास्त्री यांना जुनीं नाटकें सांपडलीं, तीं त्यांनीं भासाचीं म्हणून १९१२ पासून छापलीं. त्यांत चारुदत्त नांवाचें चार अंकांचें एक नाटक निघालें. मृच्छकटिकाचे पहिले चार अंक त्याच्याशीं इतके जुळतात कीं, शूद्रकानें त्यावरूनच आपलें नाटक रचलें असें बहुतेक विद्वान् मानतात. घरफोड्या त्यांतही आहे, नांव सज्जलक. सज्जलकाला उचलून शूद्रकानें त्याचा शर्विलक केला, आणि पुढें मृच्छकटिक गोविंद बल्लाळ देवलांनीं मराठी संगीत रंगभूमीवर आणलें. देवलांनींच ऑथेल्लोवरून १८९० सालीं झुंझारराव केला. तें ऑथेल्लो शेक्सपीअरनें चिंथिओच्या १५६५ सालच्या एका इटालियन कथेवरून घेतलें होतें, जींत नायिकेखेरीज मुख्य पात्रांना नांवेंसुद्धां नाहींत. आगरकरांचें विकारविलसित, केळकरांची त्राटिका, हीं याच वाटेनें आलीं. आमच्या रंगभूमीच्या उमेदवारीच्या काळीं तिला या उसन्या पिसांनीं ऊब दिली. आणि देवलांपुरतें बोलावयाचें तर, १८९९ सालीं शारदा लिहितांना त्यांना कोणाच्या दारीं जावें लागलें नाहीं.

ऑस्ट्रेलियांत एक कुंज बांधणारा पक्षी आहे. नर निळसर काळा. काटक्यांचा मांडव उभारून तो त्यापुढें निळ्या वस्तु मांडतो: पोपटांचीं पिसें, फुलें, आणि आजकाल बाटल्यांचीं निळीं झांकणेंही. हें घरटें नव्हे. घरटें मादी दुसरीकडे एकटी बांधते व पिलेंही एकटीच वाढविते. मांडव केवळ तिनें पाहावा म्हणून. हे नर एकमेकांच्या मांडवांतलीं निळीं पिसें चोरतात. संशोधकांनीं पिसांवर खुणा करून पाहिलें, तेव्हां तीं एका मांडवांतून दुसऱ्यांत गेलेलीं आढळलीं. शेजाऱ्याचा मांडव मोडून टाकावयासही ते मागेंपुढें पाहत नाहींत. लेखकांच्या दुनियेशीं इतकें मिळतेंजुळतें चित्र मी दुसरें पाहिलें नाहीं. मात्र त्या पोपटाला कोणीच विचारीत नाहीं.

पोपटाची गोष्ट काढली, ती मुद्दाम. शेक्सपीअरनें घेतलें तें ग्रीन, नॉर्थ, चिंथिओ यांचें. त्यांचीं नांवें छापलेलीं होतीं, म्हणून चारशें वर्षांनंतरही हिशेब जुळवितां येतो. ज्यांचें नांवच कोठें लिहिलेलें नव्हतें, त्यांचें काय? दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहन राजा हाल यानें महाराष्ट्री प्राकृतांतल्या गाथा जमविल्या. कोटि गाथांतून या सातशें निवडल्या, असें तो संग्रहाच्या आरंभींच सांगतो. आंकडा राजाला शोभेसा आहे. पण निवडल्या म्हटलें, रचिल्या म्हटलें नाहीं, ही त्याची सचोटी. पोथ्यांतून पुष्कळ गाथांना कवींचीं नांवें दिलेलीं आहेत, त्यांत रेवा, अनुलक्ष्मी, माधवी अशा स्त्रियाही आहेत. नाहीं तर त्या खेडवळ प्राकृतांतल्या गाथा म्हणजे अवंतिसुंदरीच्या यादीला आयतेंच भक्ष्य होतें: भाषेला मान नाहीं, कर्ता अप्रसिद्ध. आणि तसें झालेंही. संस्कृत कवींनीं पुढें त्यांतल्या कल्पना शतकानुशतकें वापरल्या.

जात्यावरच्या ओव्यांचें याहून बिकट. पहांटे दळतांना बायकांनीं रचलेल्या या ओव्या कथाकीर्तनांत, कवितांत, कादंबऱ्यांत किती शिरल्या, त्याची मोजदाद नाहीं. साने गुरुजींनीं स्त्रीजीवन या ग्रंथांत त्या जमवून मांडल्या, आणि त्या बायकांच्या आहेत हें पुस्तकाच्या नांवांतच सांगितलें. पुढें गिरण्या आल्या, जातें मुकें झालें. पुष्कळ ओव्या म्हाताऱ्यांच्या कंठांत तेवढ्या उरल्या. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत हेमा राईरकर व गी पॉइतव्हँ या दोघांनीं आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडीं हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या, कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. ग्रामीण भारताविषयींच्या एका संग्रहसंस्थेनें, पारीनें, २०१७ पासून त्या टप्प्याटप्प्यानें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला.

त्या संग्रहांतलें कोणतेंही पान काढून पाहावें. आधीं ओवी, मग तिचा अर्थ. आणि खालीं गाणारीचें नांव, गांव, तालुका, जिल्हा, वय, मुलें किती, धंदा कोणता, अशी नोंद केलेली असते.